फेरमाप

"एका माणसाचे तीन पयले नंबर झाले, मापारीबुवा. आता काय मोजून राह्यले तुम्ही?"

उकंडराव मुकादम टेबलावर दोन्ही पंजे टेकवून वाकला, तसं टेबल कुरकुरलं. रस्त्याच्या कामावरचा हा गडी घटकाभरापूर्वीच थाळीफेकीत पहिला आला होता. बाकीच्या खेळांत त्याचं काय झालं ते विचारायची सोय नव्हती. लांब उडीत तो वाळूच्या अलीकडेच उतरला होता. पण एक पहिला नंबर पदरात पडला की माणूस दुसऱ्याच्या पहिल्या नंबरांबद्दलही अधिकारानं बोलू लागतो.

"नंबर नाही मोजत," शालिग्राम मापारी मान वर न करता म्हणाला. "गुण मोजून राह्यलो. नंबर मोजाले मी कायले लागतो? ते तर लोकायनं टाळ्या वाजवूनच मोजले."

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. चिखलीच्या हायस्कूलच्या मैदानावर सरकारी-निमसरकारी नोकरांचे सामने भरले होते. खो-खो, हुतूतू आदल्या दिवशीच आटोपले. आजचा खेळ नवा होता. एकाच माणसानं एकाच दिवसात पाच खेळ खेळायचे: लांब उडी, भाला, दोनशे मीटर, थाळी आणि शेवटी पंधराशे मीटर. जो अव्वल ठरेल तो अमरावतीच्या सामन्यांना जाणार.

अव्वल कसा ठरवायचा, त्याचं एक पुस्तक अमरावतीहून आलं होतं. पानोपानी नुसते आकडे. इतकी लांब उडी मारली तर इतके गुण, इतक्या सेकंदांत पळाला तर इतके. ड्रिल मास्तर हिंमतरावांनी ते पुस्तक दोन दिवस उशाशी ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी धान्यबाजारात नेऊन शालिग्रामच्या मांडीवर टाकलं. "उडी मीटरात, पयणं सेकंदात. यायची बेरीज कशी करावी? पुस्तक पाह्यलं की मले गरगरते बुवा."

शालिग्रामनं दोन पानं उलटली आणि त्याला सगळं कळलं. सव्वीस वर्षं तो बाजारात धान्य मोजत होता. शेर-मण जाऊन किलो आले, तेव्हा निम्मा बाजार त्याच्या तोंडाकडे बघून हिशेब करत होता. ढिगाकडे पाहून हरखणारे लोक त्यानं आयुष्यभर पाहिले होते. ज्याच्या ढिगाला शेंडा जास्त, त्याची वाहवा जास्त. शालिग्रामचा शेंड्यावर विश्वास नव्हता. "मास्तर, हा काटा आहे," तो पुस्तकावर थाप मारून म्हणाला. "कोण कोणाच्या पुढं, हे याले दिसतच नाही. किती पुढं, तेवढं दिसते."

आणि आज ते 'किती'च मोठं मजेदार झालं होतं.

तीन पहिले नंबर होते रंगरावचे. रंगराव मोठ्या साहेबांचा जीपचा ड्रायव्हर. उंच, देखणा, आणि आपण देखणे आहोत हे विसरू न देणारा. उडीत पहिला, भाल्यात पहिला, दोनशेत पहिला, थाळीत तेवढा तिसरा. आणि चारही खेळांत एकच माणूस दुसरा आला होता: दयाराम, देवी टोचणारा. खांद्याला लशीची पेटी अडकवून गावोगाव पायी फिरायचं, हे त्याचं काम. रोजची दहा-बारा मैलांची रपेट. पोरं त्याला पाहून कणगीमागे लपत. मोठी माणसं लपत नसत, पण काही घरांत त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवत आणि दंड बाहेर काढून देत. सात वर्षांपूर्वी दीक्षा घेतली तेव्हा त्याला वाटलं होतं, आता उंबरा थोडा सरकेल. उंबरे काही सरकले नव्हते. कुठंच पहिलं न येण्याची त्याला सवय होती. आज मात्र त्यानं सकाळीच टेबलाशी येऊन विचारलं होतं, "काका, या पुस्तकात नाव लिहा लागते का?"

"नाही बा. नुसता आकडा."

"मंग बरं आहे," म्हणून तो बुटांच्या नाड्या बांधायला बसला होता.

"बोला ना, किती झाले?" उकंडरावानं पुन्हा विचारलं.

"रंगराव दोन हजार एकशे सत्त्याऐंशी. दयाराम दोन हजार चौतीस."

"म्हणजे दीडशे अन् वर तीननं मांगं! झालं की मंग."

"भाल्यात हा वीतभर-दोन वीत मांगं राह्यला, तर गेले किती? आठ गुण. तुम्ही टाळ्या मात्र रंगरावले पोतंभर दिल्या," शालिग्राम म्हणाला. "पंधराशे मीटरात एका सेकंदाले पाच-सात गुण आहेत, मुकादम. दयारामनं याले अर्ध्या मिनिटानं मांगं टाकलं की पारडं फिरलं."

उकंडरावानं आधी दयारामच्या शिरा उठलेल्या पिंढऱ्यांकडे पाहिलं, मग रंगरावच्या रुंद छातीकडे. जीपमध्ये बसून छाती रुंद होते, दम वाढत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तो गुमान बाजूला सरकला.

मैदानाची एक फेरी तीनशे मीटरची, म्हणजे पाच फेऱ्या. हिंमतराव घड्याळ घेऊन फितीपाशी उभे राहिले. घंटा शाळेच्या शिपायाकडे, पुंजाजीकडे. "चौथी फेरी झाली की घंटा हाण. म्हणजे शेवटची," मास्तरांनी बजावलं.

"मले कसं समजन?"

"मापारी मोजतील ना मोठ्यानं. चार म्हणले की हाण."

मोजायला मापाऱ्यासारखा माणूस असताना बाकीच्यांनी डोकं कशाला चालवायचं? इथंच सगळं फिसकटलं. पण ते नंतर.

शालिग्रामची मोजायची एक रीत होती, त्याच्या बापाकडून आलेली. पारडं भरायला वाकलं की तोंडानं आकडा बोलायचा. पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. साऱ्या बाजाराचा तसाच रिवाज. आणि पारडं पोत्यात रिकामं झालं की डाव्या खिशातला एक तुरीचा दाणा उजव्या खिशात. तोंड चुकलं तर हात सांगतो, हात चुकला तर तोंड. सव्वीस वर्षांत त्याच्या काट्यावर फेरमाप झालं नव्हतं. पोतं उलटं करून पुन्हा मोजा, असं म्हणायची कुणा शेतकऱ्याची, कुणा अडत्याची छाती झाली नव्हती. शालिग्रामला ना जमीन होती, ना पोरबाळ. होती ती एवढीच इस्टेट.

त्यानं पाच दाणे डाव्या खिशात टाकले. मास्तरांनी शिट्टी फुंकली. गडी सुटले, आणि सवयीनं शालिग्राम ओरडला, "लाभ!"

पहिल्या फेरीनंतर दयाराम समोरून गेला. एक दाणा उजवीकडे गेला आणि दुसऱ्या फेरीला तोंड म्हणालं, "दोन!" पुढच्या खेपेला "तीन!" तोवर दयारामनं रंगरावला चांगलंच मागं टाकलं होतं. बाकीचे गडी तर मोजण्यात धरायच्या लायकीचे राहिलेच नव्हते. उकंडराव तर पहिल्याच फेरीनंतर बाहेर पडून कडुलिंबाखाली बसून त्यांना सल्ले देत होता. आणखी एकदा दयाराम गेला. "चार!"

पुंजाजीनं घंटा हाणली.

घंटेवर अविश्वास दाखवायला धावणाऱ्याकडे वेळ नसतो. दयारामनं दात आवळले आणि होता नव्हता तेवढा दम त्या फेरीत ओतला. रंगरावही मागून फुत्कारत सुटला. फीत तुटायला आणि शालिग्रामच्या तोंडून "पाच!" निघायला एकच गाठ पडली. कुणाला शंका यायचं काही कारणच उरलं नाही.

"तीन मिनिटं अठ्ठावन्न!" हिंमतराव नाचायचेच बाकी होते. "अन् रंगराव चार सोळा! असा टाइम जिल्ह्यानं पाह्यला नाही, बुवा!"

शालिग्रामनं पुस्तक उघडलं. दयाराम सातशे अठ्ठ्याऐंशी, रंगराव सहाशे एक्केचाळीस. बेरीज केली. रंगराव दोन हजार आठशे अठ्ठावीस, दयाराम दोन हजार आठशे बावीस.

सहा गुण.

भोंग्यातून नाव घुमलं. रंगरावच्या गळ्यात हार पडला, साहेबांच्या हातून ढाल मिळाली, आणि त्यानं ती डोक्यावर धरून दोन्ही बाजूंना दाखवली. दयाराम गवतावर बसून बूट काढत होता. डाव्या बुटाचा तळ पुढून उचकटला होता. तो तळव्यावरचा फोड बघत होता, आणि तोंडावर काही नव्हतं. त्या काही नसण्याचीच शालिग्रामला ओळख होती. भाव पडल्यावर माणसं अशीच गाडीच्या साटीवर बसतात.

निकालाचा कागद सुवाच्य करायला घेतला, तेव्हा त्याची लेखणी अडली. दयारामची उडी पाचशेच्या पानावर, भाला पाचशेच्या आत, दोनशे मीटर सहाशेच्या आत. मग त्याचे पाय एकदम आठशेच्या उंबऱ्यावर कसे गेले? एकाच गाडीतल्या चार पोत्यांचं वजन सारखं आणि पाचवं भलतंच जड, असं झालं की मापारी आधी काट्याकडे बघतो, मग पोत्याकडे.

सुपारीसाठी त्यानं डाव्या खिशात हात घातला. बोटाला एक तुरीचा दाणा लागला.

उजव्या खिशात चारच होते.

तोंडानं आकडा फेरी लागताना बोलला होता, हातानं दाणा फेरी संपल्यावर सरकवला होता. बाजारात दोन्ही शेवटी जुळतात, कारण तिथं घंटा वाजत नाही. धान्य संपेस्तोवर मोजायचं असतं. इथं पुंजाजीनं तोंडच्या आकड्यावर घंटा हाणली होती. पोरं चारच फेऱ्या धावली होती.

तुरीचा दाणा तो केवढा! तोंडात टाकला असता तर विषय मिटला असता. मैदानावर तिघाचौघांनी आपापल्या डोक्यानं मोजलं असेल, पण शालिग्राम मापारी 'पाच' म्हणाल्यावर आपलं डोकं चुकलं असंच ते समजले असतील. शालिग्रामनं दाणा बोटांत फिरवला. सहा गुण. बाजारात एखादी रास अशी चुकीची मोजली असती आणि शेतकऱ्यानं हू की चू केलं नसतं, तरी आपण काय केलं असतं? उत्तर फारसं आवडलं नाही, तेव्हा तो उठला.

साहेब खुर्चीतून उठत होते.

"साहेब, माप चुकलं."

"कुणाचं?"

"माझं. एक फेरी कमी झाली. फेरमाप करा लागते."

मंडपात आधी कुणाला ऐकू आलं नाही, मग सगळ्यांना एकदम आलं. "मापारी चुकला बे!" मागून कुणीतरी आनंदानं ओरडलं. पाच-दहा जण हसले. गर्दीत इंद्रभान शेतकरीही होता, सोमवारी दोन बैलगाड्या तूर घेऊन बाजारात यायचा होता. तो मात्र हसला नाही, कपाळाला आठी घालून शालिग्रामकडे बघत राहिला. बाजारातला माणूस हसला तर परवडतं.

"अहो, ढाल देऊन झाली," साहेब हळू आवाजात म्हणाले. "कुणाची तक्रार आहे का? नाही ना? मग तुम्हीच कशाला?"

"तक्रार आल्यावर केलं त्याले फेरमाप नाही म्हणत, साहेब. त्याले पकडलं म्हणतात."

हिंमतरावांचा चेहरा पडला होता, पण माणूस सरळ होता. नियमाचं पान काढून त्यांनीच वाचलं: चुकीची धावलेली शर्यत रद्द, त्याच दिवशी पुन्हा घ्यावी, जो धावणार नाही त्याला शून्य. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना दिवेलागणीला बुलढाण्यात बैठक होती. "उजेड आहे तोवर उरका. पण मला थांबता यायचं नाही." आणि साहेब निघाले म्हणजे जीप निघाली, जीप निघाली म्हणजे रंगराव निघाला.

रंगराव स्टेअरिंगवर बसला होता. हार अजून गळ्यात, ढाल मागच्या सीटवर.

"तू पयत नाहीस म्हणजे तुले शून्य, रंगराव," शालिग्राम दाराशी जाऊन म्हणाला. "साहेबाले अर्धा घंटा थांबव म्हण."

"साहेबाले थांबवणारा ड्रायव्हर पाह्यला का कुठं?" रंगराव हसला. मग त्याचं हसू ओसरलं. बाजूला दयाराम अनवाणी उभा होता. "अबे दयाराम, शून्यावर नको जिंकू बे. मले साडेपाच मिनिटं धर. पिंढरीत गोळा आलाय, तरी तेवढ्यात मी मैदान रांगत केलं असतं." आणि त्यानं गाडी सुरू केली.

धूळ खाली बसली. दयाराम म्हणाला, "काका, साडेपाच मिनिटाले किती?"

शालिग्रामनं पुस्तक चाळलं. "एकशे नव्वद. पण तुले त्याचं काय करणं? नियमानं तुले एकशे चोपन्न पुरतात. आरामात पय."

"एकशे नव्वद अन् मांगचे एकशे त्रेपन्न?"

"तीनशे त्रेचाळीस. त्याले पाच मिनिटं दोन सेकंद लागतात." शालिग्रामनं पुस्तक मिटलं. "दयाराम, नियमात नाही हे. तो आपला गाडीत बसून बोलला."

"बोलला ना? मंग झालं. शून्याले हरवून मी घरी काय सांगू?"

त्यानं उचकटलेला तळ सुतळीनं बुटाला बांधला. उकंडरावानं ती ओढून गाठ मारून दिली. मैदान निम्मं रिकामं झालं होतं. फीत सापडेना. पुंजाजी घंटेजवळ असा उभा होता, जणू तिनंच त्याला फसवलं.

"पुंजाजी, तू माह्या तोंडाकडं नको पाहू," शालिग्राम म्हणाला. "हाताकडं पाह्य."

शिट्टी झाली. दयाराम एकटा सुटला; बाकीच्यांनी आधीच हात टेकले होते. शालिग्रामचं तोंड सवयीनं उघडलं, आणि त्यानं ते मिटलं. सव्वीस वर्षांत तो काटा पहिल्यांदाच मुका सुरू झाला. उतरत्या उन्हात दयारामची सावली त्याच्या पुढं लांबच लांब पडे, वळणावर त्याच्या मागं जाई. धावायला तेवढीच सोबत. सगळी फेरी पुरी करून तो टेबलासमोरून गेला, दाणा उजव्या खिशात पडला, आणि तेव्हा शालिग्राम म्हणाला, "एक."

त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. मोजणीचा हा शब्द त्यानं कधी तोंडात घेतला नव्हता. बाप असता तर ढिगावरून उठून गेला असता.

"दोन." दयारामचा श्वास ऐकू येत होता. "तीन." सुतळी सुटून बूट फटफटत होता. वळणावर त्यानं तो लाथेसरशी उडवला आणि एका पायात बूट, एक पाय अनवाणी, असा पुढं निघाला. हिंमतराव सेकंद ओरडू लागले. कडुलिंबाखालचे लोक उठून जवळ आले. कुणाच्या तरी पुढं जायचं असतं तर ओरडायला सोपं गेलं असतं. इथं पुढं कुणीच नव्हतं. तरी उकंडराव ओरडला, "रंगराव आला बे मांगून! रंगराव आला!"

दयारामनं खरंच एकदा मागं पाहिलं, आणि हसू येऊन त्याचं पाऊल चुकलं.

"चार!" दाणा पडला, पुंजाजीनं हात पाहून घंटा हाणली.

शेवटच्या फेरीचं कौतुक सांगायला ती काही फार वेगळी नव्हती. थकलेला माणूस पळतो तसा दयाराम पळाला. फीत नव्हती म्हणून हिंमतरावांनी पायानं मातीत रेघ ओढली होती. दयारामनं ती ओलांडली आणि तिच्यावरच गुडघे टेकले.

"पाच," शालिग्राम म्हणाला. डावा खिसा रिकामा होता.

"पाच तीन," हिंमतराव म्हणाले.

शालिग्रामनं बोट ओळीवरून नेलं, पुन्हा एकदा नेलं. "तीनशे सदतीस. एकंदर दोन हजार तीनशे एक्काहत्तर. तू पयला आहेस. अमरावतीले तू जातोस."

"अन् रंगरावशी धरून?"

खोटं सांगायला या वेळी कुणीच आडवं आलं नसतं.

"सहा कमी."

दयारामनं मातीत बोटानं सहाचा आकडा काढला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि तळव्यानं पुसला. "पुढच्या साली त्याले खाली उतरवू गाडीतून," तो म्हणाला, आणि बूट शोधायला गेला.

शालिग्रामनं दुसरा कागद घेतला. ढाल बुलढाण्याला पोचलेली असणार, ती परत येते की नाही देव जाणे. पण कागदावर पहिल्या ओळीत दयारामचं नाव आलं. खाली शेऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'पहिली मोजणी मापाऱ्याच्या चुकीनं रद्द.' हिंमतराव म्हणाले, "चुकीनं एवढं लिहिलं तरी चालते, बुवा. कोणाच्या, ते राहू द्या." शालिग्रामनं कागद टिपून घेतला आणि त्यांच्या हातात दिला.

घरी बायकोनं, मनकर्णाबाईनं, खिशातले दाणे काढताना विचारलं, "पाच काऊन? रोज तर मूठभर असतात."

"आज पाचच लागले."

सोमवारी इंद्रभानची तूर काट्याला लागली. दोन गाड्या उतरल्या. दुपारपर्यंत मोजून झालं, आकडा कागदावर चढला, पोती शिवायला सुतळी निघाली. इंद्रभान कागदाकडे बघत उभा राहिला. त्यानं घसा खाकरला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"मापारीबुवा, राग नका मानू. एक डाव... फेरमाप करता?"

आजूबाजूचे काटे थांबले. हमाल हातातली पोती तशीच धरून उभे राहिले. गादीवरचा अडत्या रागानं उठू लागला, तसा शालिग्रामनं त्याला हातानं बसवलं. मैदानावर कागद टिपून घेतला, तेव्हाच हा सोमवार त्याला दिसला होता. एवढ्या लवकर येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्यानं स्वतःच पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं आणि पोतं उलटं केलं. तूर खळखळत जमिनीवर पसरली. उजव्या खिशातले दाणे त्यानं डाव्या खिशात घातले. मग धोतराचा सोगा वर खोचला, पारड्यापाशी वाकला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला,

"लाभ."